काळ्या दगडातली जाळी

लग्न होऊन घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात सुनेच्या लक्षात आलं की आपल्या सासऱ्यांना खऱ्या नावाने कोणीच हाक मारत नाही. दारात येणारा प्रत्येक म्हातारा "बुडबुडेराव आहेत का घरात?" असंच विचारायचा. नव्या नवरीने हे कोणाला विचारायचं? शेवटी तिने धीर करून सासूबाईंना विचारलं, "आई, आपलं आडनाव नक्की काय आहे?"

सासूबाई हसून हसून बेजार झाल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आडनाव नाही गं ते. ह्यांची कर्तबगारी आहे."

ती कर्तबगारी अशी. सासरे ऐन उमेदीत खोदकामाच्या टोळीत होते. जमिनीखाली कित्येक हजार फूट भोक पाडायचं आणि खाली तेल किंवा गॅस मिळतो का बघायचं, हे त्या टोळीचं काम. खोदायचा पाइप खाली सोडताना आवरून धरणाऱ्या ब्रेकच्या दांडीवर त्यांचा हात असे, आणि तो हात चांगला म्हणून ओळखला जाई. असं भोक पाडताना आत पातळ चिखल सोडतात. तो खालून दगडाचा भुगा घेऊन वर येतो. एका विहिरीत काळा शेल लागला आणि वर येणारा चिखल एकाएकी फेसाळला. सासऱ्यांनी तो फेस बघितला, हुंगला आणि आरडाओरडा करून अख्खी जागा डोक्यावर घेतली. गॅस! गॅस लागला! चिखलाचं मिश्रण सांभाळणारा त्यांचा दोस्त, ज्याला सगळे चिखल्या म्हणायचे, तो सांगत होता की मी सकाळीच साबण जास्त घातलाय, त्याचा फेस असेल, जरा दम धर. पण दम धरला तर ते सासरे कसले! टोळीप्रमुख जेवायला गेला होता. त्याला विचारायच्या आधीच ह्यांनी फोन उचलून थेट मुख्य कचेरीत कळवून टाकलं.

मग साहेब लोक आले. त्यांच्यासाठी सावलीत खुर्च्या मांडल्या. विहिरीच्या तोंडाला लांबलचक नळ जोडला आणि नळाच्या टोकाशी पेटता बोळा धरला. बोळा जळून गेला. दुसरा लावला, तोही जळून गेला. टोळीप्रमुख लाल डोळ्यांनी ह्यांच्याकडे बघत होता. शेवटी नळातून थोडा चिखल ठिबकला, त्यावर चार बुडबुडे आले, आणि फुटले.

साहेब काही बोलले नाहीत. खुर्च्यांवरून उठले आणि गाड्यांत बसून गेले. पण महिना उलटायच्या आत सासऱ्यांच्या हातातला ब्रेक गेला आणि त्यांची रवानगी दगडांच्या गोदामात झाली. विहिरींतून काढलेले दगडाचे दंडगोल, म्हणजे कोअर, पेट्यांत भरून जिथे रचून ठेवतात तिथे. पेट्या उचला, पेट्या रचा, उंदीर हाकला. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. दोस्तांनी त्यांना नाव दिलं ते चेष्टेत, पण ते चिकटलं. तेही चेष्टा चेष्टेसारखी घेत, हाकेला ओ देत. मात्र चहाच्या दुसऱ्या कपाला विषय हटकून तिथेच यायचा आणि मग त्यांचा आवाज चढायचा.

"निघाला नाही म्हणजे नव्हता असं होत नाही! दगडात होता. मी हुंगलाय."

"ह्यांना कसला वास आला देव जाणे," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या. "माझं दूध उतू जातं त्याचा वास ह्यांना कधी आला नाही."

आता इथे दगडाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं घोडं अडेल. शेल म्हणजे साचून दगड झालेला बारीक चिखल. काळा असला तर त्यात कोणे एके काळचं शेवाळ आणि असंच काहीबाही कुजून गाडलं गेलेलं असतं. हा गाळ खोल जाऊन पुरेसा तापला की त्यातून गॅस सुटतो, आणि सुटताना त्या कुजक्या काळ्या ऐवजाला आतून जाळी पडते, पाव भाजताना पडते तशी. फक्त ही छिद्रं इतकी बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. गॅस राहतो तो त्या छिद्रांत, त्यांच्या भिंतींना चिकटून. वाटा इतक्या अरुंद असतात की नुसतं भोक पाडून तो बाहेर येईलच असं नाही. म्हणजे सासऱ्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. दगडात गॅस असूनही नळाच्या टोकाशी काही पेटलं नाही, असं होऊ शकतं. आणि दगड पुरेसा भाजलेलाच नसेल, जाळीच पडली नसेल, तर चिखल्याचा साबणही असू शकतो.

हे सगळं सुनेला चांगलं ठाऊक होतं, कारण तिचं कामच ते. सासऱ्यांनीच वर्तमानपत्रातली जाहिरात कापून तिच्यासमोर ठेवली होती. "विज्ञान शिकलीयस ना? मग घरात बसून काय करतेस? जा." तशी ती दगडांच्या प्रयोगशाळेत लागली. कोअरचा नखाएवढा तुकडा कापायचा, राळेच्या चकतीत बसवायचा आणि आरशासारखा गुळगुळीत करायचा, की तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जायला तयार. तिच्या खोलीत एक फिरती थाळी होती, भिंतीशी पॉलिशच्या कागदांचे गठ्ठे, आणि पाण्याऐवजी रॉकेलची बाटली, कारण शेलला पाणी लागलं की त्यातली माती फुगते आणि तुकडा तडकतो. पंखा सतत घरघरत असे. संध्याकाळी तिच्या हातांना रॉकेलचा वास यायचा. घरी कोणी नाक मुरडलं की सासरे म्हणायचे, "कामाचा वास आहे तो. राहू दे."

एके दिवशी प्रयोगशाळेत जुन्या विहिरींचे दगड नव्याने तपासायचं काम आलं, आणि त्यात ती विहीर होती.

सासरे तिच्याबरोबर गोदामात आले. खरं तर त्यांना आता तिथे काही काम नव्हतं, पण नव्या गोदामवाल्याने त्यांना बघून खुर्चीच रिकामी केली. पत्र्याखाली उकडत होतं. ते रांगांमधून न थांबता चालत गेले, खालच्या फळीवरची पेटी ओढली आणि झाकण काढलं. आत काळे दंडगोल ओळीने झोपवलेले. प्रत्येकावर रंगाच्या दोन रेघा, लाल उजवीकडे आणि पांढरी डावीकडे, म्हणजे दगडाची वरची बाजू कुठली ते कधीही कळावं. इतर पेट्यांत त्या रेघा फिकटल्या होत्या. ह्या पेटीत लखलखीत होत्या.

"बाबा, तुम्ही ह्या रंगवल्या परत?"

"फिकट झाल्या की रंगवायचो," ते म्हणाले, आणि जरा ओशाळले. मग हळूच विचारलं, "आता मोजला तर सापडेल ह्यात?"

"गॅस नाही सापडायचा, बाबा. गॅस मोजायचा तर दगड वर आल्या आल्या डब्यात बंद करावा लागतो. एवढ्या वर्षांत तो कधीच उडून गेला. पण त्याला राहायला जागा होती की नाही, ते बघता येईल."

"जागा होती म्हटलं तरी बस आहे मला," सासरे म्हणाले.

तो दगड हातात घेऊन ते उभे होते तसे तिने त्यांना कधी बघितलं नव्हतं. घरात बडबडे, चेष्टेखोर, आणि इथे अगदी गप्प. तेव्हा तिला कळलं की ती सगळी चहावरची वादावादी गंमत नव्हती. ह्या माणसाला मरायच्या आधी एकदा हवं होतं, कोणीतरी म्हणावं, तुझं बरोबर होतं.

आणि तिथेच तिचं चुकायला सुरुवात झाली.

अशी बारीक छिद्रं बघायची तर दगड हाताने घासून चालत नाही. शेवटचा हात आयनबीमच्या यंत्राने फिरवावा लागतो. त्यात अतिसूक्ष्म कणांचा झोत दगड तासतो, दगडाला काही टेकतच नाही. ते यंत्र त्या आठवड्यात दुसऱ्यांकडे होतं. पुढच्या आठवड्यात मिळालं असतं. थांबायला हवं होतं. तिला राहवलं नाही. तिने तुकडा हातानेच घासला, अधिकाधिक बारीक पावडरीने, शेवटी कापडावर, नेहमीपेक्षा किती तरी जास्त वेळ. चेहरा दिसेपर्यंत घासला. इतका सुंदर तुकडा तिच्या हातून आजवर झाला नव्हता.

सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या ऐवजाचा पहिलाच डाग पडद्यावर मोठा झाला आणि तिने खुर्ची पुढे ओढली. जाळी. गोल, नीटस, दाटीवाटीची जाळी. शेजारच्या डागात तेच, त्याच्या पुढच्या डागात तेच.

त्या संध्याकाळी चपलाही न काढता तिने सांगितलं, "बाबा, छिद्रं आहेत. भरपूर आहेत!"

सासरे उठले, मोरीत जाऊन तोंड धुतलं, परत येऊन बसले. मग म्हणाले, "परत सांग." तिने परत सांगितलं. सासूबाई कणकेच्या हातांनी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ह्या विषयावर टोमणा मारला नाही. उलट म्हणाल्या, "बघा, मी नेहमी म्हणायचे ना!" ज्या बाईने हे कधीच म्हटलं नव्हतं, तिने असं म्हणावं, ह्यावर तिघंही पोट दुखेपर्यंत हसले.

सासऱ्यांनी तासाभरात सगळ्या जुन्या दोस्तांना फोन केले. चिखल्याला दोनदा केला. पुढच्याच्या पुढच्या रविवारी सगळ्यांनी घरी यायचं ठरलं. इस्त्रीला शर्ट गेला. मिशा कातरल्या. सून ऐकत होती आणि तिचं मन भरून येत होतं. सोमवारच्या बैठकीत तिने उत्साहाच्या भरात ती चित्रं सगळ्या प्रयोगशाळेसमोर, बाहेरून आलेल्या साहेबांसमोर पडद्यावर लावली आणि ठणकावून सांगितलं, ह्या विहिरीच्या शेलमध्ये भरपूर छिद्रं आहेत.

प्रयोगशाळेच्या मॅडम मागे बसल्या होत्या. मॅडमना कमी बोलायची सवय. त्यांनी विचारलं, "बीमखाली घातला होतास?"

"नाही मॅडम. हाताने."

"बरं," मॅडम म्हणाल्या. पुढचा माणूस बोलायला उठला. पण प्रश्न ऐकताक्षणी सुनेला उत्तर कळलं होतं. हेच तिने नव्या मुलींना किती वेळा शिकवलं होतं! त्या काळ्या ऐवजात गंधक आणि लोखंडाचे बारीक गोल कण असतात, घोसच्या घोस. कापडावर जास्त घासलं की ते एकेक करून उपटून निघतात आणि मागे खळगे राहतात. गोल, नीटस, दाटीवाटीचे.

यंत्र मोकळं झाल्यावर तिने त्याच कोअरचे तीन तुकडे लावले, वरचा, मधला आणि खालचा. तिन्ही सारखेच निघाले. गोल कण आपापल्या जागी गच्च बसलेले, आणि भोवतीचा काळा ऐवज सपाट. कितीही मोठं करून बघितलं तरी एक छिद्र नाही. तापमानाचा अंदाज देणारी दुसरी तपासणीही तेच सांगत होती. दगड कच्चा होता. तो कधी पुरता तापलाच नव्हता. जाळी पडली नव्हती, गॅस फारसा झालाच नव्हता. विहिरीवर फेस आला तो साबणाचाच असणार.

रविवार जवळ आला होता. घरी जाताना तिने नाना विचार केले. नाही सांगितलं तर काय बिघडतं? म्हाताऱ्याचा एक रविवार सुखाचा जाईल. प्रयोगशाळेचा अहवाल काही चहाच्या गप्पांपर्यंत पोचत नाही. परगावी नोकरीला असलेल्या नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "गप्प बस ना. कोणाचं काय जातंय?" त्याचं म्हणणं तिला पटलंही. पण घरात शिरली तर सासरे खुर्चीवर चढून माळ्यावरच्या जादा कपबशा काढत होते, आणि तिला बघून त्यांनी विचारलं, "चिखल्या विचारेल, छिद्रं केवढी असतात. काय सांगू गं?" खोटं बोलायचं तर आता त्याला मापही द्यावं लागणार होतं.

"बाबा, खाली उतरा. बसा जरा."

तिने सगळं सांगितलं. कापड, कण, खळगे, यंत्र, कच्चा दगड. एकही गोष्ट मऊ करून सांगितली नाही, कारण मऊ करायला गेली असती तर ती रडली असती. सासरे मांडीवर कपबशी घेऊन ऐकत होते. त्यांचा चेहरा पडत गेला तो तिला दिसत होता. सासूबाईंनी गॅस बंद केला आणि त्याही येऊन बसल्या.

"म्हणजे साबण," सासरे शेवटी म्हणाले.

"हो बाबा. बहुतेक साबणच."

"चिखल्या तेव्हाच म्हणाला होता."

"माझं चुकलं, बाबा. मी थांबायला हवं होतं. उगाच तुम्हाला..."

सासरे बराच वेळ कपाच्या कानाशी बोटाने चाळा करत राहिले. मग त्यांनी एकदम मान वर केली, आणि तिला वाटलं होतं त्यापेक्षा भलताच प्रश्न विचारला.

"तू ती चित्रं सगळ्यांना दाखवली होतीस ना? पडद्यावर? साहेब होते?"

"हो."

"मग आता?" त्यांचा आवाज घाबरलेला होता. "तुला कुठे टाकणार?"

तिला आधी कळलंच नाही. "कुठे म्हणजे?"

"अगं, म्हणजे ह्या कामावरून काढून कुठे पाठवणार? घासायच्या खोलीतून? मॅडम काय म्हणाल्या? खरं सांग मला. मी बोलतो कोणाशी तरी, माझ्या ओळखीचे आहेत अजून एक-दोन..."

"बाबा, कुठेही नाही टाकणार."

"असं कसं? काहीतरी म्हणाल्या असतील की."

"म्हणाल्या, खळगे आहेत, छिद्रं नाहीत. पुढच्या सोमवारी बैठकीत दुरुस्ती सांग, आणि पुढच्या विहिरीचे तुकडे उद्यापासून घे."

"आणि?"

"आणि काही नाही."

"परत तूच घे म्हणाल्या?"

"हो. मीच."

सासरे तिच्याकडे बघत राहिले. मग इतकी वर्षं त्या विहिरीच्या नावाने हसणारा, भांडणारा, स्वतःची टर उडवून घेणारा तो माणूस कपबशी मांडीवर धरून लहान मुलासारखा रडायला लागला. गॅस नव्हता म्हणून तो रडत नव्हता, एवढं तिला लगेच कळलं. सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी ह्यांना रडताना बघितलं नव्हतं, ब्रेक हातातून गेला त्या दिवशीसुद्धा नाही.

"एवढंच म्हणायचं होतं गं मला त्या साहेबांनी," सासरे म्हणाले. "चुकलास, उद्या परत ये. एवढंच."

रविवारी दोस्त आले. सुनेला वाटत होतं, सासरे काहीतरी निमित्त काढून विषय टाळतील. तिने चहाचा ट्रे आणला तेव्हा चिखल्या मोठ्या तोऱ्यात विचारत होता, "काय बुडबुडेराव, कुठे आहेत तुमची ती छिद्रं?"

"नाहीत," सासरे म्हणाले. "तुझा साबणच होता."

खोलीत हशा उसळला. चिखल्याने मांडीवर थाप मारली, दुसऱ्याने शिट्टी घातली. सासरेही हसत होते, पण हात वर करून सगळ्यांना थांबवत होते, कारण त्यांचं सांगून झालं नव्हतं.

"अरे, पुढचं तर ऐका," ते म्हणाले, आणि सुनेकडे बोट दाखवलं. "आमच्या सूनबाईने अख्ख्या कचेरीसमोर, साहेबांसमोर, चुकीचं सांगितलं. माझ्यासारखंच! माझ्यापेक्षा मोठ्या पडद्यावर! आणि तिच्या मॅडमनी दुसऱ्या दिवशी काय केलं ठाऊक आहे? तिला परत त्याच कामावर बसवलं."

चिखल्याचं हसू थांबलं. सासऱ्यांनी सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा बघून घेतलं आणि पुन्हा सांगितलं, "त्याच कामावर."